परत येताना

डोलवीत मी कारखान्यात कंत्राटी फिटर आहे, हायवेलगत एका खोलीत राहतो. आत्या चार दिवसांसाठी आली होती. मिरजेला नर्सिंग शिकलेली, चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली. रविवारी सकाळी खोलीतच आमची प्रार्थना झाली. तिनं याकोबाचं पत्र वाचलं आणि चहा टाकला.

मी : आत्या, पोरक्यांची आणि विधवांची वास्तपुस्त करणं हाच खरा धर्म, असं याकोब म्हणतो. एवढंच? मग उपासना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन कशाला?

आत्या : ‘एवढंच’ म्हणतोस? करून बघ की. आणि तू अर्धंच ऐकलंस. जगाचा डाग लागू देऊ नका, हेही तिथंच सांगितलंय. ते मात्र सगळ्यांना पाठ असतं. सिनेमा बघू नको, पत्ते खेळू नको. त्याला पैसे पडत नाहीत ना! आमच्या एका मंडळीत भिंतीला संगमरवरी फरशी लावायची ठरली, दोन महिन्यांत वर्गणी जमली. त्याच दोन महिन्यांत पाळकबाई विधवा झाल्या, तर त्यांना घर रिकामं करायची चिठ्ठी गेली. सामान टेम्पोत चढवायला आम्ही तिघीच. फरशी अजून चकाकतेय.

मी : आत्या, शुक्रवारी रात्री…

आत्या : काय?

मी : सेकंड शिफ्ट सुटली. वडखळला मित्राला सोडून परत येत होतो. कडेला मोटारसायकल आडवी पडलेली, शेजारी माणूस. मी गाडी हळू केली. मग नाही थांबलो.

आत्या : वडखळचा रस्ता! 2011 पासून चौपदरीकरण चाललंय म्हणे. एक पोर जन्माला येऊन दहावीला बसेल एवढ्या काळात यांचा रस्ता होत नाही. एसटीत माझ्या कमरेचे…

मी : आत्या, मी थांबलो नाही.

(तिनं चष्मा काढला. आता व्याख्यान, हे मी ओळखलं. पण तिनं आधी कपबशा विसळल्या.)

आत्या : चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुला रविवारच्या शाळेत शिकवली असेल. चित्रात गाढव रंगवायचं. आता नर्सच्या डोळ्यांनी बघ. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता पंचवीसेक किलोमीटरचा, हजारेक मीटर उतार, दोन्हीकडे उघडे डोंगर. लुटारूंची जागा. एकाला मारून अर्धमेला टाकलेलं. याजक बघून पलीकडून गेला, लेवीही गेला. दोघं दुष्ट नव्हते रे. तुझ्यासारखेच असतील, हळू झाले असतील.

मी : त्यांना पोलिसांची भीती नव्हती.

आत्या : लुटारूंची होती ना! पडलेला माणूस म्हणजे सापळाही असू शकतो. तो शोमरोनी थांबला. यहुदी लोक शोमरोन्यांना जवळ करत नसत, ते लक्षात ठेव. त्यानं काय केलं? जखमेवर द्राक्षारस ओतला, म्हणजे धुतली. तेल घातलं. बांधली. आपल्या जनावरावर घातलं, म्हणजे स्वतः चालत गेला. उतारशाळेत नेऊन रात्रभर शुश्रूषा केली. सकाळी उतारशाळेच्या मालकाला दोन दिवसांची मजुरी होईल एवढे पैसे दिले आणि सांगितलं की जास्त लागले तर परत येताना भागवीन. प्रवचनं सगळी तेलापाशी संपतात. मला मात्र ते ‘परत येताना’ आवडतं. पेशंट ॲडमिट करून गायब होणारे मी शेकड्यांनी पाहिलेत.

मी : पण स्टेशनला बसवून ठेवतात, कोर्टात खेटे घालावे लागतात. सगळे तेच सांगतात.

आत्या : सगळे जुनं सांगतात. 2016 साली सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. 2019 ला मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं, पुढच्या वर्षी नियम. जखमीला पोचवणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखाना त्याला अडकवून ठेवू शकत नाही, साक्ष द्यायची की नाही हे तो ठरवतो. आणि सरकारी कागदात त्याला म्हणतात काय? गुड सॅमॅरिटन. चांगला शोमरोनी! येशूच्या गोष्टीतला माणूस आपल्या देशाच्या कायद्यात बसलाय आणि आपलीच पोरं त्याला ओळखत नाहीत.

मी : मला हे माहीत नव्हतं.

आत्या : माहीत असतं तर थांबला असतास?

(मी उत्तर दिलं नाही. तिनंही आग्रह धरला नाही.)

आत्या : पुढच्या वेळी आधी 108 फिरव. हेल्मेट ओढून काढू नको, मान हलते. पाणी पाजू नको. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धर, उचलून उचलून बघू नको.

मी : आणि हेतू? लोक म्हणतात, तुम्ही मदत करता ती बाटवायला.

आत्या : काही वेळा खरं म्हणतात. पंडिता रमाबाई घे. आईबाप दुष्काळात गेले, म्हणजे पोरकी. 1882 मध्ये नवरा वारला, पदरात लेक मनोरमा, म्हणजे विधवा. याकोबाच्या दोन्ही याद्यांत बाईचं नाव. पुढच्या वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं. विधवा मुली तिच्या प्रार्थनेला बसायला लागल्या, तशी 1893 मध्ये रानडे, भांडारकरांनी सल्लागारपदं सोडली. रमाबाई मला फार मोठी वाटते, पण त्या दोघांचं मला अगदीच खोटं वाटत नाही. आईबापांनी विश्वासानं पाठवलेल्या पोरी होत्या.

मी : मग?

आत्या : मग 1896 चा दुष्काळ. बाई मध्य प्रांतात गेली, उपाशी पोरी-बायका गोळा केल्या, केडगावला आणल्या. तेच मुक्ती सदन. नुसती पेज पाजून सोडलं नाही. विणकाम, शेती, आंधळ्यांना ब्रेल, छापखाना. पोरींनी खिळे जुळवले. तिला ठाऊक होतं, पेज संध्याकाळी संपते. तिनं धर्म सांगितला का? सांगितला, उघड सांगितला. मला विचारशील तर वॉर्डात मी कधी नाही सांगितला. शुद्ध नसलेल्या माणसाला काय उपदेश करणार? शोमरोन्यानंही नाही केला.

मी : तो जगला असेल का?

आत्या : कोण, शोमरोन्याचा?

मी : वडखळचा.

आत्या : मला काय ठाऊक! तू विचारलंस का कुणाला?

मी : टपरीवाला म्हणाला, मागून टेम्पो आला, त्यात घालून पेणला नेलं.

आत्या : पेणला कुठं?

मी : ते नाही विचारलं.

आत्या : शुक्रवारपासून आज रविवार झाला, आणि तू मला बाप्तिस्मा कशाला म्हणून विचारतोस! ऊठ. शर्ट बदल, त्याला ग्रीसचा वास येतोय. टपरी उघडी असेल ना? टेम्पो कुणाचा, ते आधी विचार.

मी : आणि जाऊन काय सांगू? मी तिथून गेलो होतो म्हणून?

आत्या : आधी माणूस सापडू दे. गाडीत पेट्रोल आहे का? मी बसते मागे, पण खड्ड्यात सावकाश घे, माझी कंबर आहे.