किंबर्लीचा किनारा

प्रस्तावना

बैलगाडी, रेल्वे, होडी यांतून केलेल्या प्रवासांची वर्णने आपण वाचली असतील. जिथे रस्ताच पोचत नाही, अशा किनाऱ्यावर लहान विमानाने कसे जातात आणि तसा प्रवास माणसाकडून कोणती शिस्त मागतो, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण
- किंबर्ली किनाऱ्याची भौगोलिक वैशिष्ट्ये सांगू शकाल;
- दुर्गम भागातील विमानप्रवासाच्या पूर्वतयारीचे महत्त्व स्पष्ट करू शकाल;
- १९२९ मधील घटनेवर स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस, पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्यात किंबर्ली नावाचा प्रदेश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख २० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षाही अधिक. लोकवस्ती मात्र ४० हजारांच्या आसपास. ब्रूम, डर्बी, विंडम, कुनुनुरा अशी मोजकीच गावे. येथील प्रसिद्ध गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटर लांबीचा असून तो बराचसा कच्चा आहे. तो समुद्रापासून दूर, आतल्या भागातून जातो आणि पावसाळ्यात पुरामुळे बंद पडतो. किनाऱ्याच्या मोठ्या भागावर जायचे तर होडी किंवा विमान हेच दोन मार्ग उरतात.

म्हणूनच हौशी वैमानिक चार-सहा आसनी लहान विमाने घेऊन येथे येतात. सेस्ना जातीच्या अनेक विमानांचे पंख प्रवाशांच्या डोक्यावर असतात. त्यामुळे खालचा प्रदेश विनाअडथळा दिसतो. ब्रूमहून ईशान्येकडे निघाले की तांबडे कडे, खारफुटीची हिरवी झालर आणि बकेनियर द्वीपसमूहातील शेकडो बेटे नजरेखाली येतात. पुढे मिचेल नदीचा धबधबा चार टप्प्यांनी खाली कोसळताना दिसतो.

येथील खरा चमत्कार भरती-ओहोटीचा. डर्बीजवळ भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक ११ मीटरांहून अधिक होऊ शकतो. टॅलबट उपसागरात डोंगररांगेला दोन अरुंद खिंडी आहेत. भरतीचे पाणी त्यांतून पुरेशा वेगाने आत शिरू शकत नाही. एका बाजूला ते साचते आणि उतरणीवरून घोंघावत धावते. ओहोटीच्या वेळी हाच प्रवाह उलटा वाहतो. यालाच ‘आडवा धबधबा’ म्हणतात. त्यामागचे कारण आकाशातून क्षणात ध्यानी येते, कारण खिंडीच्या दोन्ही बाजूंचे पाणी एकाच वेळी दिसते.

हे दृश्य जितके मोहक, तितकाच हा प्रदेश कठोर आहे. इंधन मोजक्याच धावपट्ट्यांवर मिळते. ते मिळेल की नाही, याची चौकशी आधी करावी लागते. नोव्हेंबर ते एप्रिल या पावसाळी महिन्यांत वादळांचे भय असते. वाटेत उतरावे लागले, तर खाली खडक, चिखल आणि मगरींच्या खाड्या आहेत.

इतिहासाने याची साक्ष दिली आहे. चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ या वैमानिकाने १९२८ मध्ये ‘सदर्न क्रॉस’ विमानातून प्रशांत महासागर ओलांडून कीर्ती मिळवली होती. पुढच्याच वर्षी तो तीन सहकाऱ्यांसह सिडनीजवळून विंडमकडे निघाला. खराब हवामानात वाट चुकली, इंधन संपत आले आणि ३१ मार्च १९२९ रोजी ग्लेनेल्ग नदीच्या मुखाजवळील चिखलात विमान उतरवावे लागले. त्यांच्याजवळ अन्न फारच थोडे होते. १२ एप्रिलला शोधविमानाला ते दिसले आणि चौघेही वाचले.

परंतु त्यांच्या शोधासाठी कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक हेही ‘कुकाबुरा’ नावाच्या छोट्या विमानातून निघाले होते. त्यांच्याजवळ रेडिओ नव्हता; पाणीही अगदी थोडे होते. १० एप्रिलला इंजिनातील बिघाडामुळे ते तानामी वाळवंटात उतरले. झुडपांमुळे पुन्हा उड्डाण करता येईना. दोघेही तहानेने मरण पावले. ज्यांना शोधायला ते निघाले होते, ते दोनच दिवसांनी सापडले.

एकाच्या चुकलेल्या वाटेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, हा या घटनेचा बोध आहे. आज वैमानिक निघण्यापूर्वी पोचण्याची वेळ नोंदवू शकतो. त्या वेळेपर्यंत सुखरूप पोचल्याचा निरोप आला नाही, तर शोधाची हालचाल सुरू होते. म्हणून पोचल्यावर निरोप देणे हेही त्याचे कर्तव्यच. तो विसरला, तर न हरवलेल्या माणसासाठी इतरांना धावावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण ज्याला ‘दुर्गम’ म्हणतो, ते कोणाचे तरी घर असते. वोरोरा, वुनांबल, नगारिन्यिन हे आदिवासी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. खडकांवरील वांजिना चित्रे त्यांच्या श्रद्धेचा भाग आहेत. २०११ मध्ये न्यायालयाने दांबिमंगारी आणि वुनांबल गांबेरा या समूहांचे येथील पारंपरिक हक्क मान्य केले. विमान कोठेही नेता येते, पण कोणाच्या अंगणात उतरण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी लागते. आकाशातून जाणाऱ्यालाही जमिनीवरच्या माणसांचे भान सुटत नाही, तोच खरा प्रवासी.

शब्दार्थ

दुर्गम – जाण्यास कठीण. द्वीपसमूह – बेटांचा समूह. खिंड – डोंगरांमधील अरुंद वाट. खारफुटी – खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे. बोध – शिकवण

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) ‘सदर्न क्रॉस’ विमान ______ नदीच्या मुखाजवळ उतरले.
(आ) ‘कुकाबुरा’ विमान ______ वाळवंटात उतरले.

२. ‘आडवा धबधबा’ कसा निर्माण होतो, ते दोन-तीन वाक्यांत लिहा.

स्वाध्याय

१. ‘एकाच्या चुकलेल्या वाटेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते,’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एखाद्या दुर्गम ठिकाणी जाण्यापूर्वी आपण कोणती तयारी कराल? आठ-दहा ओळींत लिहा.