सायकल जड की हलकी?

संगमनेरहून पुण्याच्या वाटेला लागले की चंदनापुरीचा घाट येतो. मागे दुधाचे कॅन बांधून एक जण तो बेताने चढतो. दुसराही तितकाच धट्टाकट्टा, पण अर्ध्यावर उतरून सायकल ढकलतो. लोक म्हणतात, "त्याची सायकल जड चालते." जड म्हणजे किती? अहो, ते मोजता येते. खडू आणि टेप पुरे.

पायडलजवळ मोठे दातेरी चक्र असते. मागच्या चाकाला लहान असते, ते फ्रीव्हील. एका दात्यावर खडूची खूण करा आणि दाते मोजा. समजा, पुढे 44 भरले, मागे 18. मोठ्या काळ्या सायकलचे चाक 28 इंची असते. 28 ला 22 ने गुणून 7 ने भागा. 88 येतात. हा चाकाचा घेर. आता 88 गुणिले 44, भागिले 18. उत्तर सुमारे 215 इंच, म्हणजे 18 फुटांना एक इंच कमी. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल एवढी पुढे जाते.

खरे वाटत नसेल तर जमिनीवर रेघ मारा. पायडल हाताने एक फेरा फिरवीत सायकल पुढे न्या. पुन्हा रेघ मारा आणि मोजा.

मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर? 14 फूट 8 इंच. अंतर घटले, तसा पायाचा जोरही सुमारे पाचव्या हिश्श्याने घटला. सपाटीवर मात्र पाय जास्त वेळा मारावे लागतील. फुकट काही मिळत नाही. घाटात दमणाऱ्याने नवी सायकल घेण्याआधी दुकानात एवढे विचारावे. चेन थोडी लांबवावी लागेल, इतकेच.

इंग्रजांची रीत वेगळी. पूर्वी पायडल थेट पुढच्या उंच चाकालाच असे. चाक मोठे तेवढा वेग जास्त. चेन आल्यावरही ते त्याच मापाने बोलत राहिले : 28 गुणिले 44, भागिले 18, म्हणजे 68 इंची गिअर. एवढ्या उंच चाकावर बसून पाय पुरायचे कोणाचे! फ्रान्सात एका फेऱ्याचे अंतर मीटरमध्ये सांगतात. आपल्या सायकलचे साडेपाच मीटर होईल. आम्हांला हीच रीत बरी वाटते, डोळ्यांना दिसते.

आता पोरगा '21 गिअर'च्या सायकलचा हट्ट धरतो. पुढे 3 चक्रे, मागे 7. तीन साते एकवीस. पण पुढचे 28 दाते मागच्या 14 वर घ्या, किंवा पुढचे 48 मागच्या 24 वर. चाक दोन्ही वेळा दोनच फेरे फिरते. नावे दोन, गिअर एकच! तेव्हा 21 या आकड्याला भुलून पैसे मोजू नका. सगळ्यांत हलका गिअर किती फुटांचा, ते पाहा. चढाला तोच कामाचा.

करून पाहा : चाक 28 इंची, पुढे 48 दाते, मागे 16. एका फेऱ्यात सायकल किती फूट जाईल? ती घेऊन चंदनापुरीला दूध न्यावे काय?