चुकांना न हसणारे गाव

तुम्ही पुस्तकांच्या दुकानात गेला आहात. दुकानदार मराठी बोलतो. तुम्ही विचारता, "काका, माझी पुस्तक आली का?" मागे उभा असलेला एक मुलगा फिदीफिदी हसतो.

तुमचे काय चुकले? उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे. मराठीत 'पुस्तक' नपुंसकलिंगी आहे, आणि उर्दूत नपुंसकलिंग नाहीच. म्हणून 'माझे पुस्तक' म्हणण्याऐवजी 'माझी पुस्तक' असे तोंडातून निघून जाते. चूक लहान असते, पण ते हसणे मनाला लागते. पुढच्या वेळी तुम्ही काही न बोलता बोटाने वस्तू दाखवता. बोलणे थांबले, की भाषा शिकणेही थांबते.

परकी भाषा शिकणाऱ्या सर्वांनाच ही भीती वाटते. शब्द आणि व्याकरण पुस्तकात मिळते. पण चुकत चुकत बोलता येईल असे गाव कोठे मिळणार? काही शिक्षकांनी ठरवले, की असे गाव आपणच तयार करावे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही नामवंत संस्था आहे. तेथे १९८० च्या दशकात फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी असा एक प्रयोग सुरू झाला. संगणकाच्या पडद्यावर पॅरिस शहर दिसते. तेथे फिलीप नावाचा एक पत्रकार भेटतो. त्याला राहायला घर नाही. त्याच्यासाठी घर शोधायचे काम विद्यार्थ्याचे! त्याने वर्तमानपत्रातील जाहिराती वाचायच्या, टेलिफोनवरचे निरोप ऐकायचे, नकाशा पाहायचा. विद्यार्थी जसे निर्णय घेईल, तसा गोष्टीचा शेवट बदलतो. फ्रेंच समजले नाही, तर फिलीपला घर कसे मिळणार? त्यामुळे विद्यार्थी कान देऊन ऐकतो.

पुढे २००३ साली 'सेकंड लाइफ' नावाचे आभासी जग संगणकावर सुरू झाले. तेथे प्रत्येक माणूस आपली एक आकृती बनवतो. त्या आकृतीला 'अवतार' म्हणतात. पाहा, आपल्या देशातला हा शब्द कोठवर पोहोचला! दूरदूरच्या देशांतील माणसे आपापल्या घरी बसून तेथे एकमेकांना भेटू लागली. साहजिकच भाषा शिकण्यासाठीही त्या जगाचा उपयोग होऊ लागला.

आता डोळ्यांवर चढवायचे यंत्रही मिळते. त्यात दोन भिंगे असतात. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात, म्हणून दृश्य खरे वाटते. मान वळवली, की दृश्यही वळते. १९६८ साली अमेरिकेत तयार झालेले असे एक यंत्र इतके जड होते, की ते छताला टांगावे लागे. आज ते सहज डोक्यावर बसते.

पण एक गोष्ट विसरू नका. आभासी दुकानदार तुमच्या चुकीला हसत नाही, हे खरे. पण तुम्ही बरोबर बोललात म्हणून त्याला आनंदही होत नाही. तो आनंद खऱ्या माणसालाच होतो. म्हणून सराव तेथे करावा आणि बोलावे मात्र माणसांशी.

तुमच्याजवळ असे यंत्र नसेल, तरी काही बिघडत नाही. वर्गातच बाजार भरवा. बाकांची दुकाने करा. एकाने दुकानदार व्हावे, दुसऱ्याने गिऱ्हाईक. नियम एकच : कोणी चुकले, तर हसायचे नाही. बरोबर वाक्य हळूच म्हणून दाखवायचे. दुकान, बाजार, किंमत, कागद हे शब्द तर उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहेत. अर्धी वाट तुम्ही आधीच चालून आला आहात. उरलेली वाट बोलत बोलत चाला.

शब्दार्थ
आभासी – खरे नसून खऱ्यासारखे वाटणारे
नामवंत – प्रसिद्ध
किंचित – थोडेसे
गिऱ्हाईक – वस्तू विकत घेणारा

स्वाध्याय
१. दुकानातील मुलगा का हसला?
२. फिलीपला मदत करण्यासाठी विद्यार्थ्याला काय काय करावे लागे?
३. 'माझा, माझी, माझे' यांपैकी योग्य शब्द लिहा : ___ घर, ___ शाळा, ___ मित्र.
४. तुमच्या वर्गात भरवलेल्या बाजाराविषयी पाच वाक्ये लिहा.