व्यवसायाचे संकेतस्थळ : खर्च की भांडवल?

दुकान थाटताना आपण जागा पारखतो, पाटी रंगवून घेतो, वजनकाटा तपासतो. या खर्चाला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. मात्र वेबसाइट, म्हणजेच संकेतस्थळ, करावयाचे म्हटले की “कुणीतरी ओळखीचा मुलगा करून देईल” असे आपण म्हणतो. हा विचार कितपत योग्य आहे, ते आपण पाहू.

जगातील पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत सुरू केले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. आज अनेक ग्राहक दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मोबाइलवर त्याची माहिती शोधतात.

परंतु केवळ पैसा ओतला म्हणजे काम चांगले होते असे नाही. लंडनच्या बू डॉट कॉम या कपडे विकणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर १९९९ मध्ये मोठ्या थाटाने संकेतस्थळ उघडले. हलती चित्रे व सजावट भरपूर. पण त्या काळच्या टेलिफोन जोडणीवर ते उघडता उघडत नसे. इतरही चुका झाल्या आणि मे २००० मध्ये कंपनी बंद पडली.

याउलट उदाहरण अमेरिकन तज्ज्ञ जॅरेड स्पूल यांनी २००९ साली नोंदविले. एका मोठ्या विक्री संकेतस्थळावर पैसे भरण्याआधी नावनोंदणीची सक्ती होती. ग्राहक तेथूनच परत फिरत. रचनाकारांनी प्रत्यक्ष ग्राहकांचे निरीक्षण केले, “नोंदणी करा” ऐवजी “पुढे जा” असे बटण दिले व नोंदणी ऐच्छिक केली. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या वर्षी विक्रीत ३० कोटी डॉलरची भर पडली. तात्पर्य, मोल सजावटीचे नसून ग्राहकाच्या अभ्यासाचे आहे.

आमच्या परिचयातील मसाले बनविणाऱ्या एका दांपत्याने स्वस्तात संकेतस्थळ करून घेतले. त्याचे नाव करणाऱ्याने स्वतःच्या नावे नोंदविले होते. तो गाव सोडून गेला, वार्षिक नूतनीकरण राहिले आणि हजारो पाकिटांवर छापलेला पत्ता निकामी झाला. वाचविलेल्या पैशापेक्षा नवी छपाई महाग पडली.

म्हणून काम देताना पुढील गोष्टी लेखी ठरवाव्यात :

१. संकेतस्थळाचे नाव व सर्व पासवर्ड मालकाच्याच ताब्यात असावेत.
२. साध्या मोबाइलवर पान लवकर उघडावे.
३. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. चित्रातील अक्षरे शोधयंत्राला व अंध वाचकांच्या यंत्राला सहज वाचता येत नाहीत.
४. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू व्हावा. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर इतर पानांवर ‘असुरक्षित’ अशी सूचना दाखवितो.
५. देखभालीचा वार्षिक खर्च आधीच कळावा.

अर्थात, ऐपतीबाहेर कर्ज काढून हे करू नये. धंदा अगदी लहान असेल तर नकाशावरील मोफत नोंदही आरंभी पुरते. पण हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर जो खर्च अनेक वर्षे उपयोगी पडतो, तो भांडवली खर्च होय. चांगल्या संकेतस्थळाकडे आपण त्याच दृष्टीने पाहावे.

विद्यार्थी मित्रांनो, या कामात संगणकाइतकीच भाषेची व माणसाच्या स्वभावाची जाण लागते. म्हणून कला शाखेच्या मुलामुलींनीही हे क्षेत्र परके मानू नये, एवढेच आम्ही आग्रहाने सुचवितो.