पिवळा दिवा लागला? आधी कोड लिहून घ्या, पार्ट नंतर घ्या



आजचा संदेश पिकाचा नाही, गाडीचा आहे. थोडा लांब आहे, दुपारी जेवण झाल्यावर निवांत वाचा. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल-सीएनजी पिकअप किंवा छोटा टेम्पो आहे त्यांनी तर वाचाच. डिझेलवाल्यांना कॉईल-प्लगचा भाग लागू नाही, कारण डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. कोड वाचायची पद्धत मात्र तीच.

गाडीवर लिहायचं कारण असं. गेल्या पावसाळ्यात आपली कंपनीची सीएनजी पिकअप वाशी मार्केटला माल उतरवून कल्याण-मुरबाडवरून परत येत होती. माळशेज चढताना पाऊस आणि धुकं. गाडी मिसिंग करायला लागली, झटके मारायला लागली आणि मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. इकडे दोन सभासदांची कोथिंबीर उपटून, जुड्या बांधून संकलन केंद्रावर तयार होती. चालकदादांनी माल थांबलाय म्हणून गाडी तशीच दामटली. तरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. त्या दिवसाची फेरी चुकली. दुसऱ्या दिवशी कोथिंबीर पिवळी पडलेली, ज्या भावात गेली तो भाव इथे लिहायला नको.

पुढची चूक माझी. गॅरेजमधून फोन आला, ‘चौथ्या सिलिंडरचा कोड आहे, चारही कॉईल बदलू का?’ मी शेतात होतो, घाईत ‘बदला’ म्हणालो. बिल साडेनऊ हजारांचं झालं. आठ दिवस गाडी छान चालली, कारण आठ दिवस पाऊस उघडला होता. नवव्या दिवशी पाऊस आला, परत तेच मिसिंग, परत तोच कोड.

तुम्ही मला पिवळ्या पानाचा फोटो पाठवता आणि विचारता, ‘साहेब, काय मारू?’ मी उलट विचारतो, पान जुनं की नवं? शिरा हिरव्या आहेत का? पाणी साचतंय का? मूळ उकरून बघितलं का? कारण पिवळं पान म्हणजे रोगाचं नाव नव्हे. नत्र कमी असेल, लोह कमी असेल, मूळ कुजलं असेल. गाडीचा कोड अगदी तसाच आहे. चौथा सिलिंडर नीट जळत नाही एवढंच तो सांगतो. का जळत नाही ते सांगत नाही. हे रोज लोकांना शिकवणारा मी, आणि स्वतः मात्र फोनवर औषध मारायला सांगून मोकळा झालो.

आता कामाचं बोलू.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, हे आधी बघा. स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी किंवा गॅरेजला नेता येते. लुकलुकत असेल तर मिसिंग त्याच क्षणी जोरात चालू आहे. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, तो लालबुंद तापतो आणि आतून वितळतो. तो पार्ट कॉईलपेक्षा कितीतरी महाग आहे. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून थांबा. आणखी एक गोष्ट. चावी ऑन केल्यावर, सेल्फ मारायच्या आधी हा दिवा लागलाच पाहिजे. लागतच नसेल तर दिवा खराब आहे किंवा कुणीतरी काढून टाकलाय. जुनी गाडी विकत घेताना हे नक्की बघा.

कोड वाचायचा सॉकेट १६ पिनचा असतो, बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ. एप्रिल २०१७ पासून बीएस-४ देशभर लागू झालं, त्यानंतरच्या गाड्यांत तो सहसा मिळतो. त्याआधीच्या काहींत असतो, काहींत नसतो. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून मोबाईलवर कोड दिसतात. काही गाड्यांशी स्वस्त स्कॅनर बोलत नाही, मग गॅरेजचाच लागतो. चावी ऑन, इंजिन बंद, आणि कोड वाचा. पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा. बॅटरीची वायर काढून ठेवली की दिवा जातो खरा, पण त्याबरोबर सगळा पुरावाही जातो. ही सवय आपल्याकडे फार आहे, ती मोडा.

स्कॅनरमध्ये ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणून एक पान असतं. कोड पडला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, गाडीचा वेग किती, पाणी किती गरम, लोड किती हे त्यात साठवलेलं असतं. आमच्या वेळी हे कुणी उघडूनच बघितलं नाही. बघितलं असतं तर कमी वेग आणि जास्त लोड, म्हणजे घाट, हे तिथेच दिसलं असतं. पाऊस होता हे चालकदादांना विचारलं असतं तर कळलं असतं. तेही कुणी विचारलं नाही.

कोडमध्ये पुढे इंग्रजी ‘पी’ अक्षर आणि नंतर चार आकडे असतात. ‘पी’नंतर शून्य असेल तर त्याचा अर्थ सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना सारखाच. ‘पी’नंतर एक असेल तर तो त्या त्या कंपनीचा स्वतःचा कोड, तो त्यांच्याच यादीत बघावा लागतो.

पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे एक ते चार नंबरच्या सिलिंडरला मिसिंग. शेवटचा आकडा हाच सिलिंडरचा नंबर. एक नंबर कुठल्या टोकाला हे अंदाजाने ठरवू नका, गाडीच्या पुस्तकात बघा. पी ०३०० म्हणजे मिसिंग आहे पण एका जागी नाही. त्याच्याबरोबर पी ०१७१ दिसला तर इंधन कमी किंवा हवा जास्त होतेय. तिथे कॉईल बदलून काही होणार नाही. हवेचा पाईप फाटलाय का, फिल्टर तुंबलाय का, इंधनाचा दाब येतोय का ते बघायचं.

पी ०३५१ ते पी ०३५४ हे कॉईलच्या सर्किटचे कोड. सर्किट म्हणजे कॉईल, तिचा कनेक्टर आणि कॉम्प्युटरपर्यंतची वायर, सगळं मिळून. आपल्याकडे यात उंदीर फार. गाडी कांदा चाळीशेजारी किंवा गोठ्यात लावली की वायर कुरतडलीच समजा. आधी कनेक्टर काढून पिन हिरव्या पडल्यात का बघा, मग वायरवर हात फिरवत जा. मल्टिमीटर असेल तर चावी ऑन करून कनेक्टरच्या पुरवठ्याच्या वायरवर बॅटरीएवढे, म्हणजे १२ च्या आसपास व्होल्ट येतात का ते बघा. आणि चारही कॉईलचे कोड एकदम आले तर चारही कॉईल एकाच दिवशी मेल्या असं मानू नका. चौघींना मिळून असलेला फ्यूज, पुरवठ्याची वायर किंवा अर्थिंग बघा.

पी ०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड. गाडी गरम झाली की बंद पडते, अर्धा तास थंड झाली की चालू होते, अशी तक्रार असेल तर याच्याकडे बघा. सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनाचे फेरे बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच राहिला तर सेन्सर किंवा त्याची वायर.

आता सर्वात उपयोगी आणि फुकटची चाचणी: अदलाबदल. समजा पी ०३०४ आलाय. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चौथ्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची चौथ्यावर. बाकी कशाला हात लावू नका. कोड पुसा आणि ज्या रस्त्यावर, ज्या लोडवर त्रास होत होता तिथेच गाडी चालवा. आता पी ०३०३ आला तर दोष कॉईलबरोबर सरकला, कॉईल खराब, एकच घ्या. पी ०३०४ च राहिला तर कॉईल निर्दोष. मग तशीच प्लगची अदलाबदल करा. तरीही चौथाच राहिला तर वायरिंग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि तिथे मेकॅनिकच पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कॉईल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले तर काहीच कळत नाही. आपण नवीन खत आणि नवीन औषध एकाच प्लॉटवर टाकतो आणि मग कशाने फरक पडला विचारत बसतो, तसं होतं.

काही जुन्या इंजिनांत प्रत्येक प्लगवर कॉईल नसते. एका कॉईलमधून दोन प्लगला ठिणगी जाते, मध्ये जाड एचटी वायर असते. तिथे बऱ्याचदा एक आणि चार, किंवा दोन आणि तीन, असे जोडीने कोड येतात. जोडी दिसली तर त्या दोघांची सामाईक कॉईल बघा. एकटाच सिलिंडर दिसला तर त्याची वायर, टोपी किंवा प्लग.

आमच्या गाडीत शेवटी काय निघालं? प्लग. दुसऱ्या एका मेकॅनिककाकांनी चौथा प्लग काढून हातात दिला. पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. ठिणगी टोकाला जायच्या ऐवजी या रेघेवरून बाहेरूनच उतरत होती. कोरड्यात कसंबसं चालायचं, ओलावा आला की सगळी ठिणगी तिकडूनच. प्लगच्या खड्ड्यात पाणी उतरत होतं, कारण वरचं रबर कडक होऊन चिरलं होतं, आणि आम्ही वॉशिंगला प्रेशरचं पाणी थेट इंजिनवर मारायचो. प्लग जुनाच ठेवल्यामुळे नव्या कॉईलच्या रबरी टोपीलाही आतून तशीच रेघ पडायला सुरुवात झाली होती. चार प्लग, रबर आणि ती एक टोपी मिळून दीड हजाराच्या आत काम झालं. जुन्या कॉईल मी गॅरेजमधून मागून आणल्या होत्या, अदलाबदल करून बघितल्या, चारही चांगल्या निघाल्या. जुना पार्ट परत मागायचाच, तो तुमचा आहे.

सीएनजीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा. गॅसला ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे अशक्त प्लग किंवा कॉईल पेट्रोलवर चालून जाते आणि गॅसवर मिसिंग करते. ‘पेट्रोलवर नीट, गॅसवर झटके’ म्हटलं की लगेच गॅस किट खोलायला घेतात. किटचा दोष असू शकतो, फिल्टर किंवा इंजेक्टरही असू शकतो, पण आधी प्लग काढून बघा. ते स्वस्त आहे. उलट पेट्रोलवरही तेवढंच मिसिंग असेल तर गॅस किटच्या नादाला लागूच नका. प्लगचा गॅप पुस्तकात गॅससाठी दिला असेल तोच ठेवा.

प्लग काढताना इंजिन थंड हवं, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे खराब होतात. खड्ड्यातली माती-पाणी आधी हवेने उडवा, नाहीतर ते सिलिंडरमध्ये पडतं. नवीन प्लग आधी हाताने फिरवून बसवा, पाना शेवटी.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. वायर काढून इंजिनच्या अंगाला धरून ‘ठिणगी पडते का’ बघायची जुनी पद्धत या गाड्यांत चालत नाही. झटका जीवघेणा बसू शकतो, कॉम्प्युटर जळू शकतो, आणि गॅस कुठून गळत असेल तर काय होईल ते सांगायला नको. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, गाडी उघड्यावर ढकलत न्या, चाचणी वगैरे सगळं नंतर. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली नसेल तर तेही याच आठवड्यात बघून घ्या.

कंपनीने एक स्कॅनर घेतलाय. संकलन केंद्रात वजनकाट्याच्या टेबलाच्या खणात आहे, रजिस्टरला सही करून न्या आणि त्याच दिवशी परत ठेवा. कोडचा फोटो मला पाठवताना तीन गोष्टी सोबत लिहा: गॅसवर की पेट्रोलवर, चढावर की सपाटीला, पाऊस होता की कोरडं. मी मेकॅनिक नाही, शेतीची पदविका झालेला माणूस आहे, पण फोटो मेकॅनिककाकांना दाखवून संध्याकाळपर्यंत उत्तर देईन.

ज्या दोन सभासदांची कोथिंबीर त्या दिवशी राहिली त्यांच्या फरकाचा विषय संचालकांच्या येत्या बैठकीत ठेवलाय, निर्णय झाला की कळवतो.

टोमॅटोवरचा करप्याचा सल्ला उद्या सकाळी पाठवतो.