मैदानावरचं समाजकार्य आणि त्यातली नोकरी

बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने ‘मला खेळातच काहीतरी करायचंय’ म्हटलं, की पिंगुळी-कुडाळकडच्या घरांत दोनच वाटा डोळ्यांपुढे येतात. राज्य पातळीवर खेळून 5 टक्के खेळाडू आरक्षणातून सरकारी नोकरी, नाहीतर बी.पी.एड. करून शाळेत पीटीचे सर. पहिलीला पदक लागतं, दुसरीला रिकामी जागा. तिसरी वाट गेल्या पंचवीसेक वर्षांत महाराष्ट्रातच तयार झाली आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. शाळा सुटणं, मुलींचं मैदान बंद होणं, व्यसन, वाडीवाडीतली भांडणं अशा प्रश्नांवर खेळाच्या आधाराने काम करणाऱ्या संस्थांमधली ही नोकरी. तिच्याकडे खेळातली नोकरी म्हणून न पाहता समाजकार्यातली नोकरी म्हणून पाहावं आणि तयारीही तशीच करावी, असं मला आग्रहाने सांगायचं आहे.

नागपूरचं उदाहरण घ्या. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभी राहिली आणि 2022 मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे ती घराघरांत पोचली. या संस्थेचे खेळाडू बेघरांच्या विश्वचषकात भारताकडून उतरतात. 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे सुरू झालेल्या या स्पर्धेचा एक नियम पालकांनी नीट वाचावा: एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. म्हणजे विजेता संघ वर्षानुवर्षं टिकवायची सोयच नाही. परत आलेल्या मुलाचं पुढे काय, हाच संस्थेपुढचा खरा प्रश्न. मुंबईत कुलाब्याच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी 2006 मध्ये ‘ऑस्कर फाउंडेशन’ सुरू केलं. वस्तीतली मुलं शाळा सोडून ससून डॉकवर कामाला लागत होती. तिथली अट सरळ आहे: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांजवळ राहणाऱ्यांना या अटीचं मोल वेगळं सांगायला नको.

इथे पहिला आक्षेप येतो. मुलं खेळली की आपोआप शिस्त लागते, त्यासाठी पगारी माणूस कशाला? हा समज गोड आहे, पण खरा नाही. खेळातून जशी शिस्त येते तशी शिवीगाळ आणि दांडगाईही येते. गावातल्या अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा पाहणाऱ्यांना हे ठाऊक आहे. फ्रेड कोल्टर या संशोधकांनी तर अशा कार्यक्रमांचे दावे मोठे आणि पुरावे तोकडे असल्याचं सातत्याने मांडलं. मुंबईच्या शाळांमध्ये ‘परिवर्तन’ नावाचा उपक्रम झाला. त्यात क्रिकेटच्या प्रशिक्षकांनी मुलांशी मुलींना आदराने वागवण्याबद्दल ठरवून, आठवड्यामागून आठवडा संवाद केला. अभ्यासात मुलांचे विचार बदललेले दिसले, वागणुकीतला बदल मात्र तितका ठोस नव्हता. मला हा निष्कर्ष उमेद वाढवणारा वाटतो, कारण काय साधलं आणि कुठे कमी पडलं हे त्यात प्रामाणिकपणे मोजलं आहे. असं मोजू शकणारी माणसंच संस्थांना हवी असतात.

ठरवून खेळवणं म्हणजे काय, ते जवळून पाहू. 1994 च्या विश्वचषकात स्वयंगोल झाल्यानंतर कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारची मेडेयिन शहरात हत्या झाली. त्याच शहरात 1996 मध्ये फुटबॉलची वेगळी पद्धत सुरू झाली. सामन्याआधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मुलगे-मुली एकत्र खेळतात, पंच नसतो, शेवटी पुन्हा बसून वागणुकीचे गुण देतात. हीच रीत कबड्डीला लावून बघा. चढाईत कपडे ओढायचे नाहीत, बाद झालेल्याने स्वतःहून हात वर करून बाहेर जायचं, पहिली चढाई मुलीची. भांडण झालं तर खेळ थांबवून मुलांनीच निकाल लावायचा, आणि तिथे तोंड बंद ठेवून ऐकत उभं राहणं हे मार्गदर्शकाचं सगळ्यात अवघड काम. नुसतं चांगलं खेळता आल्याने ते जमत नाही.

पालकांचा मोठा आक्षेप पोटाचा, आणि तो रास्त आहे. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, नेमणूक बहुधा कंत्राटी. कारण पैसा प्रकल्पाला मिळतो आणि प्रकल्प संपतो. मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांना कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे, शिक्षण आणि स्त्री-पुरुष समानताही आहे. त्यामुळे निधी आहे, पण त्याची हमी नाही. संयुक्त राष्ट्रांनी 6 एप्रिल हा विकास आणि शांततेसाठीच्या खेळाचा दिवस ठरवला, तरी त्यांचं या विषयाचं स्वतंत्र कार्यालय 2017 मध्ये बंद झालं. म्हणूनच नुसत्या खेळावर विसंबणारी तयारी कच्ची. समाजकार्याची पदवी असलेल्याला क्रीडा-प्रकल्प संपला तरी आरोग्य, बालहक्क, महिला बचतगट अशी इतर दारं उघडी राहतात. परदेशातल्या संस्थाही माणूस निवडताना पदकांपेक्षा वस्तीतल्या कामाचा अनुभव विचारतात.

तेव्हा पदवी कोणत्याही शाखेची चालेल, पण कॉलेजात एनएसएस सोडू नका. पुढे एमएसडब्ल्यू करा. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे त्यातलं मोठं नाव. जोडीला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा फुटबॉलचा प्राथमिक परवाना मिळवा. पोक्सो कायदा समजून घ्या, कारण मुलांची सुरक्षितता ही या कामातली पहिली अट आहे. अहवाल मराठीत आणि इंग्रजीत नीट लिहिता आला पाहिजे. भल्याभल्या खेळाडूंचं घोडं इथेच अडतं. घर सोडायच्या आधी परीक्षा घ्यायची असेल, तर मे महिन्याच्या सुट्टीत वाडीतली वीस मुलं-मुली जमवा. रोज तासभर खेळवा आणि कोण आलं, कोण यायचं थांबलं, का थांबलं, हे वहीत लिहा. ज्याला ‘का थांबलं’ हा रकाना भरण्यासाठी त्या मुलीच्या घरी जावंसं वाटतं, त्याने या वाटेला जरूर जावं. सुट्टी संपताना पालकांनी ती वही एकदा वाचायला मागावी.