गूळ पिवळा म्हणजे शुद्ध नव्हे

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळताना त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस आणि थोडा चुना घालतात. चिकट रसाने मळी फेसाबरोबर वर येते, ती काढून टाकतात. चुन्याने रसाचा आंबटपणा कमी होतो. खरे शुद्धीकरण हेच. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून घालतात ती हायड्रॉस पावडर फक्त रंग उडवते. तिच्यातून उरलेले गंधकाचे अंश दमेकऱ्याला त्रास देऊ शकतात. म्हणून भगिनींनो, तपकिरी गुळाला नाक मुरडू नका.

मात्र कोणताही गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. मधुमेह असलेल्याने साखरेऐवजी गुळाचा चहा घेतला, तरी रक्तातली साखर वाढतेच. ते पथ्य नव्हे.